बुधरामचा पाय

"चालू कर ना गा," बुधराम म्हणाला.

"चालूच आहे काका," भंडाऱ्याच्या शोरूममधला पोरगा म्हणाला.

बुधरामने बोनेटवरचा हात काढला नाही. डोळे मिटून, मान जराशी कलती करून तो उभा होता. तळहाताला ना थरथर लागत होती ना ऊब. कुठे काही धडधडत नव्हतं, डिझेलचा वास नव्हता. शेवटी त्याने डोळे उघडले तर समोर लिलाधर आणि त्याची बायको रश्मी हसू दाबून उभे होते, आणि काउंटरवरची पोरगी मोबाइल तोंडापुढे धरून हसत होती. लिलाधरचे वडील, इश्वर नाकाडे, तेवढे हसले नाहीत. काठीवर दोन्ही हात टेकून ते बुधरामच्या तोंडाकडे बघत होते. नाकाड्यांच्या दारात आजवर जी गाडी आली ती बुधरामने अशी कान देऊन ऐकल्यावरच आली होती.

"कशी वाटते?" मालकांनी विचारलं.

"बोलूनच नाई राहिली मालक. काय सांगू?"

पोराने बोनेट उघडलं. ज्या जागी इंजिन असतं तिथे झाकण लावलेले दोन-तीन डबे आणि केशरी रंगाच्या जाड तारा होत्या. पाना लावावा अशी जागा बुधरामला काही सापडली नाही.

"गिअर नाही, क्लच नाही. दाबायचं आणि जायचं," पोरगा म्हणाला. "मॅडम पण आरामात चालवतील."

मॅडम तोवर ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्याही होत्या. लहानशी, पांढरी, परवडण्याजोगी, बॅटरीवरची गाडी होती. आरसा नीट करणारी रश्मी तिच्यात शोभून दिसत होती. ते बुधरामने पाहिलं आणि नजर पुन्हा त्या केशरी तारांकडे वळवली.

दिघोरीत नाकाड्यांची धानाची शेती होती आणि एक लहानशी राइस मिल. बुधराम ढिवराचा पोर. त्याच्या बापाने गावतलावात डोंग्यातून जाळं टाकून जन्म काढला, पण बुधरामला पाण्यापेक्षा चाकाचं वेड. मिसरूड फुटायच्या आत तो नाकाड्यांकडे सालगडी म्हणून लागला. ट्रॅक्टर धुता धुता ट्रॅक्टर शिकला, मग जीप, मग बोलेरो. लोक त्याला ड्रायव्हर म्हणू लागले, तोही म्हणवून घेऊ लागला, पण बोली राहिली ती सालगड्याचीच. पाडवा ते पाडवा. नाकाड्यांच्या घरची रीत अशी की पाडव्याला गुढीची पूजा झाली की मालकीणबाई, म्हणजे बेबीबाई, ताटातला पानाचा विडा उचलून गड्याच्या हातावर ठेवायच्या. विडा मिळाला की पुढचं साल पक्कं. ज्याला ठेवायचं नाही त्याला पोटभर जेवण मिळे, अंगाला कापड मिळे, फक्त विडा मिळत नसे. असे दोन-तीन गडी बुधरामने पाहिले होते. त्यातल्या एकाला तर त्यानेच जीपमध्ये घालून बसस्टॉपवर सोडलं होतं, आणि वाटेत काय बोलावं ते न सुचल्याने टेपचा आवाज मोठा केला होता. त्या माणसाचं तोंड त्याला अजून आठवे. आपलं तसं कधी होईल हे मात्र त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

का असावं? पहिली जीप घ्यायची होती तेव्हा दलाल शपथा घेत होता आणि या पोरसवदा बुधरामने नुसतं ऐकून "मालक, हिच्या आत काहीतरी ढिलं हाये" म्हणून सांगितलं. ती जीप दुसऱ्या कोणी घेतली, आणि महिन्याभरात ती साकोलीच्या रस्त्यात बसली ती उठलीच नाही. तेव्हापासून मालकांचं एकच. बुधरामले विचारा. रश्मीला कळा सुरू झाल्या तेव्हा भर श्रावणात नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी वाहत होतं. त्या पाण्यातून त्याने तिला भंडाऱ्याला पोहोचवलं होतं. आणि बेबीबाईंना तर कुठलीही गाडी लागायची. बसमध्ये उलटी, जावयाच्या कारमध्ये उलटी. बुधरामच्या मागे मात्र त्या चक्क झोपायच्या. "बुधराम चालवत असला तं मले पाळण्यावानी वाटते," असं त्या चारचौघींत सांगायच्या, आणि ते कानावर पडलं की बुधरामचा तो दिवस छान जायचा. पगारवाढ कोणी एवढ्या कौतुकाने घेत नसेल.

घरी आल्यावर त्याने जिजाला गाडीचं सगळं वर्णन सांगितलं. जिजा अंगणात बसून उद्याच्या बाजारासाठी झिंगे निवडत होती. तिने मान वर न करता ऐकून घेतलं.

"गिअर नाई?"

"नाई."

"किलच?"

"तेही नाई."

"मंग ड्रायव्हर कायले पायजे?"

भंडाऱ्यापासून दिघोरीपर्यंत जो प्रश्न बुधरामने डोक्यात शिरू दिला नव्हता तो बायकोने झिंगे निवडता निवडता पुढ्यात टाकला. तो चिडला.

"तुले काय समजते गाडीतलं?"

"गाडीतलं नाई समजत. मानसातलं समजते. सूनबाई चालवन गाडी. तुमी काय कराल? तलावावर तं जाता येत नाई. सोसायटीनं नाव कापलं तुमचं."

तेही खरं होतं. गावच्या ढिवरांच्या सोसायटीत जो जाळं ओढायला सतत गैरहजर राहतो त्याचं नाव काढतात. बुधरामचं नाव काढलं तेव्हा तो बोलेरोच्या स्टिअरिंगवर होता आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. उलट तो हसला होता. आता या वयात कोणाच्या डोंग्यात बसायला मागणार?

"इचारतीन तं सांगा, खराब हाये," जिजा म्हणाली. "म्हातारा तुमचंच आयकन."

"खराब नाई ना ते."

"मंग बसा इमान चाटत," ती म्हणाली आणि टोपली उचलून आत गेली.

बुधराम ओट्यावर बसून राहिला. बायकोचं म्हणणं त्याला पटलं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. मालकांनी विचारलं आणि आपण त्यांच्या डोळ्यांत बघून खराब म्हटलं, असं त्याने मनातल्या मनात बोलून पाहिलं. जीभ वळेना. गाडीच्या बाबतीत तो मालकांशी कधी खोटं बोलला नव्हता, आणि खरं सांगायचं तर गाडी सोडून इतर कुठल्या बाबतीत मालकांनी त्याला कधी काही विचारलंही नव्हतं.

लिलाधरची शोरूमवाल्याशी ओळख होती. त्याने कडेला 'टेस्ट ड्राइव्ह' लिहिलेली गाडी एका दिवसासाठी घरी आणली. रात्रभर मिलच्या बोर्डातून वायर लावून ती भरली. सकाळी इश्वरमालकांनी ओट्यावरून फर्मान काढलं.

"बेबीले आंबागडले न्या आन् वापस आना. रस्त्यात बंद नाई पडली तं गाडी खरी. बाकी त्या कागदावरचं मले वाचून दाखवू नोको लिलाधर."

आंबागड बेबीबाईंचं माहेर. तुमसरच्या पलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी. तिथे त्यांचा भाऊ अंथरुणाला खिळलेला होता आणि त्या दर महिन्याला त्याला बघायला जायच्या. एवढ्या लांबचं जाणं-येणं दुसरं नव्हतं, तेव्हा मालकांची परीक्षा बरोबरच होती.

"आन् गाडी बुधराम चालवन," ते पुढे म्हणाले. "तो हव म्हणन तं हव."

बुधरामने आरसा पुसला. शेजारी लिलाधर, मागे बेबीबाई आणि रश्मी. फाटकातून बाहेर पडताना त्याने नेहमीसारखा हॉर्न वाजवला आणि गाडी रस्त्याला लावली. गाडी कसलीही कुरकुर न करता निघाली. पालांदूरपर्यंत त्याने ती मन लावून चालवली. आणि तिथेच, गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर, त्याच्या मनात आलं की तोंडाने खोटं बोलता येत नाही, पण आपल्या पायाला कुठे कोणी विचारणार आहे?

त्याने एसी पुरता मोठा केला. "बाईले गरम होईन," तो म्हणाला. मग पाय दाबला. गाडी एकदम उसळली. पुढे ट्रक आला तसा त्याने करकचून ब्रेक दाबला, पुन्हा पाय दाबला. समोरच्या पडद्यावरचा बॅटरीचा आकडा उतरू लागला. लाखनीला हायवे लागल्यावर तर त्याने कोणाची भीडच ठेवली नाही. जन्मभर जे जे करायचं नाही म्हणून तो नव्या पोरांना शिकवत आला होता ते सगळं तो एकेक करून करत होता, आणि गंमत म्हणजे त्याला ते सहज जमत होतं.

"काका, आज लई जोरात?" लिलाधरने विचारलं.

"पाहाले पायजे ना भाऊ, दमदार हाये का नाई."

तुमसर सोडलं तसा रस्ता जंगलाच्या कडेने जाऊ लागला. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. बाया रस्त्याकडेला वाकून फुलं वेचत होत्या. बुधराम दरवर्षी इथे गाडी सावकाश करायचा, एखादी ओळखीची दिसली तर काच खाली करून बोलायचासुद्धा. आज त्याने लांबूनच हॉर्न दिला आणि धूळ उडवत गेला. एक म्हातारी टोपलीसकट मागे सरकली ते त्याने आरशात पाहिलं.

"बुधराम, हळू ना बापा," बेबीबाई म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांना म्हणावं लागलं नव्हतं. बुधरामचा पाय क्षणभर उचलला गेला. पण आकडा अजून पुरेसा खाली आला नव्हता. त्याने पुन्हा पाय दाबला. आंबागडची पाटी दिसायच्या आत बेबीबाईंनी रश्मीचा दंड धरला, "थांबव, थांबव" म्हणाल्या, आणि दार उघडून त्या रस्त्याच्या कडेला ओकल्या.

रश्मीने त्यांची पाठ चोळली. बुधराम पाण्याची बाटली घेऊन धावला. बेबीबाईंनी चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. आपल्या ओळखीच्या माणसाला काय झालं हे न कळणाऱ्या माणसासारखं बघितलं. बुधरामला तेव्हाच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. त्याने बाटलीचं झाकण लावलं.

आंबागडला पोहोचले तेव्हा बॅटरी निम्म्याच्याही बरीच खाली होती. भावाच्या घरी चार्जिंग लावावं म्हटलं तर सकाळपासून लाईन नव्हती. लिलाधर फोनवर शोरूमवाल्याशी वाद घालत अंगणात येरझारा घालू लागला. "तुम्ही सांगितलं त्याच्या अर्ध्यातही गेली नाही," तो म्हणत होता. मोहाच्या सावलीत बसलेल्या बुधरामला ते ऐकू येत होतं. आपलं काम झालं, हे त्याला कळत होतं. आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या डोळ्यांपुढे पदराने तोंड पुसणाऱ्या बेबीबाईच येत होत्या.

परतीला तुमसर आलं तेव्हा रश्मी मागून वाकून म्हणाली, "काका, जरा बाजूले घ्या ना गाडी. मी चालवून पाहतो."

"तुम्ही? हायवे हाये बाई."

"माझं लायसन्स आहे ना. आणि मी या गाडीचे व्हिडिओ पाहून राहिली होती मघापासून. तुम्ही मागं बसा, आईजवळ."

बुधराम उतरला. मागच्या सीटवर तो आयुष्यात कधी बसला नव्हता. चपला काढाव्या की घालाव्या ते त्याला कळेना. शेवटी त्याने त्या काढून पायाशी ठेवल्या आणि सीटच्या कडेवर टेकला. बेबीबाई दाराकडे सरकून बसल्या. रश्मीने एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि गाडी सावकाश सोडली. ट्रक आला की ती लांबूनच पाय उचलायची, गाडी आपोआप धीमी व्हायची. "असं केलं ना, तर बॅटरीत थोडं चार्जिंग वापस येते," ती लिलाधरला म्हणाली. आकडा आता बराच वेळ जागचा हलत नव्हता. दरवेळी ती ब्रेक लावी तेव्हा मागे बुधरामचा उजवा पाय नुसता चटईवर दाबला जाई.

भंडाऱ्याला हायवेवरच्या एका हॉटेलात चार्जिंगची सोय असल्याचं रश्मीने फोनवर शोधून काढलं. गाडीला वायर लावून सगळ्यांनी तर्री-पोहे खाल्ले, चहा घेतला. चहा संपेपर्यंत लिलाधरचा राग पार उतरला होता.

"गाडीत काही दोष नाही," तो म्हणाला. "चालवण्यात होता."

"असं कायले बोलता?" रश्मीने त्याला दटावलं. मग बुधरामकडे वळून तिने मनापासून म्हटलं, "काका, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. डिझेलची सवय आहे ना तुम्हाले, पाय जोरात पडते. माझ्या वेळी रपट्यावरून तुम्हीच नेलं मले, मी विसरली नाही. पण आता वय झालं तुमचं. आराम करायला पाहिजे."

ती चांगल्या मनाने बोलली हेच वाईट झालं. शिवी दिली असती तर बुधरामला तिचा राग तरी धरता आला असता. त्याने बशीतला चहा पिऊन टाकला.

लाखनी मागे पडली तेव्हा बेबीबाईंचा डोळा लागला. पालांदूरपासून दिघोरीपर्यंत त्या रश्मीच्या मागे शांत झोपल्या होत्या.

ओट्यावर इश्वरमालक वाट बघत बसले होते. लिलाधरने त्यांना सगळं सांगितलं, जातानाचं आणि येतानाचं. आई ओकली तेही सांगितलं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि तरी काठी बुधरामकडे वळवली.

"तू सांग बुधराम. कशी हाये?"

"गाडी चांगली हाये मालक," बुधराम म्हणाला.

"घ्याव?"

"हव. घ्या."

हे खरं होतं, आणि ते आता सांगून काही उपयोग नव्हता. मालकांची नजर त्याच्या तोंडावरून खाली त्याच्या पायाकडे गेली आणि तिथे जरा वेळ थांबली.

आठ-दहा दिवसांनी जिजा नाकाड्यांकडे मरळ मासा द्यायला गेली आणि रिकामी टोपली आपटतच घरी आली.

"काय केलं तुमी त्या दिवशी?" तिने विचारलं.

"कोणत्या दिवशी?"

"बेबीबाईनं सांगलं मले. म्हातारा पयलेच म्हणला होता पोराले, गाडी कोणतीबी घे, पण बेबीले आंबागडले नेईन तं बुधरामच नेईन, मी जिवंत हावो तवरी. पोरगा हव म्हणला होता, सूनही हव म्हणली होती. आता बाईच नाई म्हणते. मले धडकी भरते म्हणते त्याच्या मागं बसाले." जिजाचा आवाज फाटला. "तुमी नुसती रोजच्यावानी सुदी चालवली असती ना, तं काही झालं नसतं!"

बुधरामने टोपली उचलून भिंतीशी ठेवली.

"मी तं नुसतं खराब सांगा म्हणली होती. बाईले ओकवा असं कुठी म्हणली होती?"

एवढं बोलून तीच रडायला लागली. बुधरामला रडू आलं नाही. त्याला राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. म्हाताऱ्याने जे पोराला सांगितलं ते आपल्याला का सांगितलं नाही? एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं? पण सालगड्याला कोणी असं सांगत नसतं. त्याला विडा मिळतो, किंवा मिळत नाही.

मग दिवसभर तो एकच गोष्ट उलटीसुलटी करत राहिला. जाऊन सांगावं, की मालक, माझा पाय ठणठणीत आहे, अजूनही बाईंना झोप लागेल अशी गाडी चालवतो, त्या दिवशी मी मुद्दाम केलं. म्हणजे ड्रायव्हर शाबूत राहिला, पण बुधराम गेला. जन्मभर ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या बायकोला यानेच त्रास दिला, हे गावभर होणार. आणि गप्प बसावं, तर ज्या एका गोष्टीवर आजवर मान ताठ ठेवली तीच मातीत गेली. तिसरी वाट कुठून निघते का हे तो शोधत होता. ती निघत नव्हती.

गाडी पाडव्याच्या आदल्या दिवशी आली. बोलेरो लाखांदूरच्या एका माणसाने नेली. गाडीखान्याची फरशी बुधरामने डिझेलचे डाग जाईपर्यंत घासून काढली. तो पाणी ओतत होता तेव्हा इश्वरमालक काठी टेकत आत आले आणि उलट्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर बसले. एकटेच होते.

"बुधराम."

"जी मालक."

"एक इचारतो. लिलाधरले नाई सांगत, कोणालेच नाई सांगत. त्या दिवशी तुया पाय खरंच जोरात पडला, का पाडला तू?"

बुधरामच्या हातातली बादली तशीच राहिली. म्हातारा गाडीतलं ओ की ठो जाणत नव्हता, पण माणूस ओळखून होता.

"पाडला असशील तं तसं सांग," मालक म्हणाले. "मले राग नाई येनार. तुया जागी मी असतो तं मीही पाडला असता. पण मग पाय चांगला हाये, असं मी बेबीले सांगू शकतो."

दार उघडं होतं. एक शब्द बोलायचा होता. बुधरामने मालकांकडे बघितलं. ओल्या फरशीवर त्यांची काठी टेकलेली होती आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच राग नव्हता. पण आपण हव म्हटल्यावर या डोळ्यांत काय येईल ते बुधरामला दिसत होतं, आणि ते राग नसणार हेही कळत होतं. उद्यापासून हा माणूस आपल्याला काही विचारेल तेव्हा प्रत्येक वेळी आधी आपल्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघेल.

"नाई मालक," तो म्हणाला. "पायच आयकत नाई आता. म्हातारा झालो."

मालकांशी तो पहिल्यांदा खोटं बोलला. मालक गुडघ्यावर हात देऊन उठले.

"बरं," ते म्हणाले, आणि काठी टेकत निघून गेले.

पाडव्याच्या सकाळी नाकाड्यांच्या अंगणात गुढी उभी राहिली. नवी गाडी बुधरामनेच धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभी केली होती. चाकांखाली लिंबं ठेवायचं काम आजवर त्याचंच होतं, तेव्हा रश्मीने चार लिंबं त्याच्याच हातात दिली. तो गुडघे टेकून एकेका चाकाशी बसला आणि लिंबू नेमकं चाकाखाली येईल असं ठेवत गेला. बेबीबाईंनी गाडीला हळद-कुंकू लावलं, बोनेटवर स्वस्तिक काढलं, ओवाळलं. लिलाधरने नारळ फोडला.

ताटात एकच विडा होता. बेबीबाईंनी तो उचलला तसा बुधरामचा उजवा हात, दरवर्षीच्या सवयीने, तळवा वर करून पुढे झाला.

बेबीबाईंनी विडा बोनेटवर, कुंकवाच्या स्वस्तिकावर ठेवला.

हात पुढे झालेलाच होता. बुधरामने तो मागे घेतला नाही. डाव्या हाताने खांद्यावरचा दुपट्टा ओढून त्याने तो त्या हातात घेतला, आणि बोनेटवर नारळाचं पाणी उडालं होतं ते पुसू लागला. जिथे पाणी नव्हतं तिथेही पुसलं. मग बेबीबाईंनी त्याच्या हातावर शर्टाचं कापड ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"जेवून जाजो बुधराम," त्या म्हणाल्या. "जिजालेही बोलाव. पुरणपोळ्या लई केल्या आहेत."

"हव बाई," बुधराम म्हणाला.

रश्मी स्टिअरिंगवर बसली. शेजारी लिलाधर, मागे मालक आणि बेबीबाई. देवळात जाऊन येतो म्हणाले. बुधरामने फाटक उघडलं, दोन्ही बाजूंना बघून रस्ता मोकळा असल्याची खूण केली आणि कापड काखेत धरून बाजूला उभा राहिला. मग सवयीने त्याचे डोळे मिटले, मान कलती झाली.

चार लिंबं फुटल्याचा आवाज आला. त्यापुढे काही ऐकू येईना. तो आणखी थोडा वेळ तसाच थांबला. त्याने डोळे उघडले तेव्हा गाडी केव्हाच निघून गेली होती, आणि उघड्या फाटकातून रिकामा रस्ता दिसत होता.